गटातील परका माणूस

व्यसनमुक्तीच्या उपचारात गटोपचार, म्हणजे आठ-दहा व्यसनी व्यक्तींनी एका मार्गदर्शकासह ठरल्या वेळी गोलात बसून आपापले अनुभव सांगणे आणि इतरांचे ऐकणे, ही पद्धत ज्या गृहीतकावर उभी आहे त्याचा उच्चार तिच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच होतो. कारण ती पुस्तके ज्या मोठ्या शहरांत लिहिली गेली, तेथे ते गृहीतक आपोआप पूर्ण होत असे. गोलात बसलेली माणसे एकमेकांची कोणी लागत नाहीत, हे ते गृहीतक होय. न्हावा शेवा बंदराच्या परिसरात ते पहिल्याच बैठकीत मोडते. जासई, सोनारी, करळ, जसखार किंवा नवीन शेवा येथील दहा माणसे एकत्र बसली की त्यांत कोणाचा चुलता असतो, कोणाचा मेहुणा असतो, एखादा गावकीत मान असलेला असतो आणि ज्याच्याशी बांधावरून वडिलांच्या काळापासून बोलणे बंद आहे तोही असतो. अशा गोलात फक्त पहिले नाव सांगून अनामिक राहण्याचा नियम वाचून दाखवला जातो, सर्व जण मान डोलावतात, आणि कोणाच्याही बाबतीत तो लागू होत नाही.

हा नियम ज्या चळवळीने रूढ केला, त्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचा आरंभ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन या गावी डॉ. बॉब स्मिथ यांच्यासाठी त्यांच्या परिचयातील भाविक मंडळी मनापासून प्रार्थना करीत होती, तरी त्यांचे पिणे थांबत नव्हते. थांबण्याची सुरुवात झाली ती न्यूयॉर्कहून व्यवसायाच्या कामासाठी आलेल्या, स्वतः दारूतून नुकत्याच बाहेर पडलेल्या बिल विल्सन या अनोळखी माणसाशी बोलल्यानंतर. दोन व्यसनींच्या संवादाचे महत्त्व या प्रसंगावरून नेहमी सांगितले जाते. त्यांतील एक परगावचा होता, या बाबीकडे मात्र दुर्लक्ष होते. आयर्विन यालोम यांनी १९७० च्या आपल्या गटमानसोपचारावरील ग्रंथात ज्याला सार्वत्रिकता म्हटले, म्हणजे 'हे केवळ आपल्याच वाट्याला आलेले नाही' ही जाणीव, तिची उपचारक शक्तीही समोरचा माणूस परका असण्यातूनच येते. सख्ख्या चुलत्याचे आपल्यासारखेच पिणे पाहून ही जाणीव होत नाही. घराण्यालाच लागलेली कीड म्हणून ते पाहिले जाते आणि निराशा दुणावते.

या किनाऱ्यावर प्रश्न अधिक बिकट होण्याचे कारण येथील इतिहासात आहे. नवी मुंबईसाठी झालेल्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जे आंदोलन झाले, त्यात जासई आणि नवघर येथील गोळीबारांत पाच शेतकरी हुतात्मा झाले, आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व त्याच लढ्यातून पदरात पडले. १९८९ साली बंदर सुरू झाले. भावकी एकवटली नसती तर यातील काहीच मिळाले नसते. पण जो समाज एकजुटीने जिंकला, त्यातील एखाद्याने साडेबारा टक्क्यांचा भूखंड विकून आलेला पैसा दारूत घालवला असेल, तर ते त्याने कोणापुढे सांगावे? समोर बसलेल्याच्या घरातील माणूस त्या मोर्चात होता. त्यामुळे गटात यकृताविषयी बोलले जाते, हात थरथरण्याविषयी बोलले जाते, हळदीच्या कार्यक्रमात मित्रांनी केलेल्या आग्रहाविषयी तर भरभरून बोलले जाते, पण भूखंडाचा विषय निघत नाही. अनुभवी मार्गदर्शकाला ही चुकवाचुकवी लगेच जाणवते आणि तिच्यावर बोट ठेवता येत नाही, कारण बोट ठेवताच ते गोष्ट गावभर होण्याचे निमित्त ठरते.

प्रस्तुत लेखकाने या अडचणीभोवती इतकी वर्षे घालवली आहेत की कामातील इतर प्रश्न त्याला त्या मानाने सोपे वाटू लागले आहेत. गावांची सरमिसळ केली, तर सोयरीक आडवी येते. वयानुसार गट केले, तर एकाच आळीत वाढलेले सवंगडी शेजारी बसतात. पनवेलला येण्यास सांगितले, तर दोन पाळ्यांमध्ये अडकलेला यार्डातील कामगार येऊ शकत नाही. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राची निवासी पद्धत येथे उपयोगी पडते, कारण पस्तीस दिवसांच्या मुक्कामात माणूस राज्यभरातून आलेल्या अनोळखी लोकांत राहतो आणि मोकळा होतो. खरा प्रश्न परतल्यानंतरचा, म्हणजे पाठपुराव्याचा आहे. मुक्तांगणात जे बोलता आले ते गावच्या बैठकीत पुन्हा ओठांवर येत नाही, आणि पहिली स्लिप, म्हणजे बंद केलेले पिणे पुन्हा सुरू होणे, बहुधा या अबोल्यात घडते. कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यासांच्या आधारे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांच्या मार्गाकडे नेणारे उपचार दारू पूर्ण बंद राखण्यात इतर मान्य उपचारांच्या तोडीचे किंवा सरस ठरले. पण ज्याला आपल्या गावाबाहेरची बैठक निवडता येत नाही, त्याला हा दिलासा कितपत लागू होतो, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

ही कोंडी फोडण्याचे जे उपाय बाजारात दिसतात, त्यांविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. 'पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा' अशा जाहिरातींचे कागद रिक्षांवर आणि खांबांवर चिकटवलेले असतात. डायसल्फिराम हे औषध दारूच्या पचनातील एक टप्पा रोखून ॲसिटाल्डिहाइड शरीरात साठवते, म्हणून त्यावर दारू घेतल्यास जिवावर बेतू शकते, आणि त्यामुळेच ते रुग्णाच्या संमतीनेच द्यायचे असते. ते किंवा तसले काही जेवणात मिसळणे हा उपचार नसून गुन्हा आहे. दुसरीकडे, गटात माणसाला सर्वांसमोर सोलून काढले की तो सुधारतो, असे मानणारे मार्गदर्शक अजूनही आहेत. अमेरिकेत १९५८ साली स्थापन झालेल्या सिनॅनॉनने हा प्रकार टोकाला नेला आणि ती संस्था पुढे हिंसेपर्यंत पोहोचली. भावकीच्या गटात अशी धुलाई केली, तर माणूस फक्त गट सोडत नाही, पोराबाळांची लग्ने ठरेपर्यंत तिचे परिणाम भोगतो.

या कोंडीत फट पडली ती प्रस्तुत लेखकाच्या कौशल्याने नव्हे. पूर्वी रुग्ण असलेल्या आणि आता बैठक चालवू लागलेल्या एका शिष्याने, कंटेनर उतरण्याची वाट पाहत ट्रेलरच्या रांगेत थांबलेल्या चालकांना बैठकीत आणून बसवण्यास सुरुवात केली. शास्त्रानुसार हे अयोग्य होते: उपचाराचा गट एक तर बंदिस्त, म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत त्याच सदस्यांचा असावा, किंवा खुला असला तरी येणाऱ्याने काही काळ टिकावे, असा संकेत आहे, आणि आज आलेला आणि उद्या लुधियानाच्या वाटेला लागलेला चालक दोन्हींत बसत नाही. तरीही त्या चालकाकडे तोंड करून, मोडक्या हिंदीत, एका प्रौढ गृहस्थाने भूखंडाची हकीकत सांगितली. त्याचा पुतण्या तीन खुर्च्या सोडून बसला होता आणि ऐकत होता. परंतु ते त्याला उद्देशून बोललेले नव्हते, म्हणून त्याला ते मध्येच न तोडता ऐकता आले.

येथे एक कबुली देणे भाग आहे. ही हकीकत ऐकताना प्रस्तुत लेखकाला आनंदाआधी मत्सर वाटला. गटात कोणी रडले, कोणाचे बंद ओठ उघडले, की ते आपल्या नजरेचे आणि नेमक्या वेळी विचारलेल्या प्रश्नाचे फळ आहे, असे मानण्याची सवय या व्यवसायात फार खोल जाते, आणि घरी परतताना त्या दिवशीच्या अश्रूंची उजळणी करण्यात एक गोडी असते, जी नाकारण्यात अर्थ नाही. शिष्याने कोणताही प्रश्न विचारला नव्हता. त्याने फक्त एक खुर्ची वाढवली होती.

मात्र चालकाचे काय, या प्रश्नावर गुरू आणि शिष्य यांचे अद्याप जुळलेले नाही. शिष्याचे म्हणणे असे की, ऐकणाऱ्यालाही ऐकण्याचा लाभ होतो आणि पुढच्या मुक्कामाच्या शहरातील बैठकीचा पत्ता त्याला दिला की आपले कर्तव्य पुरे होते. प्रस्तुत लेखकाला हे पटत नाही: घर सोडून दूर आलेल्या आणि गाडीतच झोपणाऱ्या माणसाला गावकऱ्यांच्या मोकळेपणाचे साधन बनवायचे असेल, तर निदान पहिल्यांदा बोलण्याचा मान त्याला मिळावा. शिष्य यावर सांगतो की, चालक आधी बोलला तर गावकरी त्याला सल्ले देत बसतात आणि स्वतःचे सांगणे पुन्हा राहून जाते. दोघांचेही निरीक्षण खरे आहे, आणि पुढच्या बैठकीत कोणी आधी बोलावे, याचा निर्णय अजून व्हायचा आहे.