तारप्याची घडण

वाद्य म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे सतार, तंबोरा, पेटी अशी दुकानात मांडलेली वाद्ये उभी राहतात. परंतु ज्याचे सर्व साहित्य परसात व रानात मिळते, असेही एक वाद्य आमच्या डहाणू-तलासरीच्या मुलखात आहे. त्याचे नाव तारपा. मी रानशेतचा, त्याचा नाद मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलो आहे. तो घडतो कसा, हे मात्र गेल्या सुट्टीत आमच्या पाड्यावरील एका वृद्ध तारपकरी आजांपाशी बसून पाहिले.

दुधी भोपळा वेलीवर जून होऊ देऊन वाळवितात व आतील गर आणि बिया काढून पोकळ करितात. त्यात एका अंगाने फुंकावयाचे. दुसऱ्या अंगास बांबूच्या दोन नळ्या शेजारी शेजारी बसवून सांधे मधमाशांच्या मेणाने बुजवितात. शेवटी ताडाच्या पानांचा लांब कर्णा. गारुड्याच्या पुंगीचाच हा थोरला भाऊ म्हणावयाचा.

सर्वांत नाजूक काम नळ्यांच्या आतील जिभांचे. बांबूच्याच अंगातून चिरून काढलेली ही जीभ एका टोकाने बद्ध व दुसऱ्याने मोकळी असते. ती जाड राहिली तर बोलत नाही. फार पातळ झाली तर किंचाळते. मोकळ्या टोकास मेणाचा कण लावला की ती जड होऊन सावकाश हालते व स्वर उतरतो. कण काढला की चढतो. कंपनसंख्येचा नियम मी पुस्तकातून पाठ केला होता. त्याचा अर्थ मला आजांच्या बोटावरील त्या मेणाने सांगितला.

वाद्यांच्या इतिहासात अशी स्वतंत्र बुद्धी पुष्कळ ठिकाणी दिसते. हवाई बेटांतील जोसेफ केकुकू याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिटारीच्या तारांवरून पोलादाचा तुकडा सरकवून नवाच नाद काढला. पुढे १९४०च्या सुमारास त्या वाद्यास पायाने दाबावयाची पेडले जोडण्यात आली. पेडल दाबले की तार ताणली जाऊन स्वर चढतो. जे काम तेथे लोखंडी दांडे करितात, तेच येथे मेणाचा कण करितो.

भाताचे नवे पीक आले की तारपकरी मध्ये उभा राहतो व त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी फिरू लागते. वादक गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेतो, म्हणून नाद तुटत नाही. शेजारच्या गंजाडचे कै. जिव्या सोमा मशे यांनी हीच साखळी आपल्या चित्रांतून जगास दाखविली. त्यांस २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. चित्रातील तारपा आता दूरदूरच्या भिंतींवर आहे. खरा तारपा घडविणारे हात मात्र विरळ होत चालले आहेत.

आमच्या आजांची दृष्टी मंद झाली आहे. त्यांचे दोन्ही मुलगे बोईसरच्या कारखान्यात कामास जातात. जीभ चिरण्याचे काम शिकतोस का, असे आजांनी मला विचारिले. बाबांचे म्हणणे, आधी परीक्षा. आणि तेही खोटे नाही. मी प्रथम सर्व मापे वहीत उतरवून घेण्याचा विचार केला. पण आजांचे माप म्हणजे त्यांची वीत व त्यांची बोटे. आणि जीभ किती तासावी हे तर केवळ कानच सांगतो. वहीत ते कसे उतरावे?

म्हणून मी बाबांस विनविले, की सकाळी अभ्यास करीन व दुपार आजांना देईन. त्यांनी मान्य केले आहे. आतापर्यंत मी अकरा जिभा चिरल्या; दहा मुक्या निघाल्या. अकरावी थोडी बोलली. आजांनी ती कानाशी धरली, आणि न हसता बारावीसाठी बांबू माझ्या हाती दिला.