नाशिकचे दुसरे नाक

शूर्पणखेच्या नाकावरून नाशिकला नाव पडले म्हणतात. त्या मुलखातले दुसरे नाक मात्र कोणी पाहायला जात नाही. पंचवटी, काळाराम, त्र्यंबकेश्वर झाले, की मंडळी चिवड्याच्या दुकानाकडे वळतात. आमचाही तोच बेत होता. पण त्र्यंबकच्या रस्त्यावर अंजनेरीला मी गाडी थांबवायला लावली. तिथे 1980 साली नाणकशास्त्राची एक संशोधनसंस्था निघाली. तिचे संग्रहालय पाहायचे होते.

"नाणी खर्चायची असतात, पाहायची नव्हे," असे म्हणतच सौभाग्यवती आत शिरल्या.

नहपान क्षत्रपाचे चांदीचे नाणे एका चित्रात दिसले. एका बाजूला राजाचा मुखवटा. लिप्या तीन– ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी. शेजारच्या नाण्यात त्याच मुखवट्यावर दुसऱ्या राजाने चैत्याची खूण ठोकलेली. खुणेच्या कडेला बिचाऱ्याचे नाक तेवढे शाबूत!

1906 साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला अशा नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी, त्यांतल्या नऊ हजारांहून अधिकांवर गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा. चांदी आटवण्याची खटपट कोण करणार? जिंकणाराही संसारी माणूसच. पण त्या काटकसरीमुळे हरलेल्याचा चेहरा आपल्याला दिसतो, आणि कोणी कोणाला हरवले हेही.

तिथून आम्ही पांडवलेण्यांवर गेलो. तिथल्या एका लेखात नहपानाच्या जावयाची, उषवदाताची, देणगी आहे. त्याने 3000 कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायमचे ठेवले. मुद्दलाला हात लावायचा नाही. व्याजातून भिक्षूंना वस्त्रे आणि किरकोळ खर्च. 2000 वर दरमहा शेकडा एक, उरलेल्या 1000 वर पाऊण.

"म्हणजे वर्षाला बारा टक्के! आणि आपली बँक बघा," सौ. म्हणाल्या. इतिहासाची गोडी त्यांना लागली ती इथे.

जवळच्याच दुसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश नाहीसा केला, असे ती त्यात अभिमानाने सांगते. आईच्या कौतुकाला पुरावा कोण मागणार? पण इथे नऊ हजार नाणी साक्षीला उभी आहेत. लेख कोरला तो नातवाच्या, पुळुमावीच्या, कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी.

"म्हणजे आजीबाई झाल्यावर," म्हणत सौ.नी चष्मा पुसला आणि त्या पुन्हा त्या न कळणाऱ्या अक्षरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. खाली गाडीवाला हॉर्न वाजवीत होता.