यंत्रानें रचलेले पर्वत

चित्रकलेच्या वहींत पर्वत म्हणून आपण त्रिकोण काढतों. संगणकही आरंभीं त्रिकोणच काढतो. पण तेथें थांबत नाहीं. प्रत्येक बाजूचा मध्यबिंदु यदृच्छेनें किंचित् वर वा खालीं सरकवून तो एका त्रिकोणाचे चार करतो, चारांचे सोळा. आणि दर खेपेस सरकविण्याचें माप कमी करीत जातो. अशा नऊ फेऱ्यांत २,६२,१४४ त्रिकोण होऊन कडे व सुळके डोळ्यांपुढें उभे राहतात! बेन्वा मांडेलब्रो या गणितज्ञाचा ग्रंथ वाचून बोइंग कंपनींतील लॉरेन कार्पेंटर यांनीं १९८० सालीं अशाच पर्वतांवरील उड्डाणाचा दोन मिनिटांचा चित्रपट केला.

आम्हां दोघां भावांनीं या रीतीनें घरीं पर्वत रचले. हिमालयासारखें कांहीं साधलें. सह्याद्रि मात्र साधेना. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थरांवर थर बसून तो झाला. पुढें पावसानें त्यास कोरलें. त्या कड्यांच्या पायऱ्या, ते सपाट माथे यदृच्छेंतून कोठून निघणार? शिवाय आमच्या दऱ्यांत पाण्यास वाटच नव्हती. जागोजाग नुसते खळगे.

१९८९ सालीं केन मस्ग्रेव्ह व त्यांचे सहकारी यांनीं अशा पर्वतांवर गणिताचाच पाऊस पाडला. प्रत्येक बिंदूवरील पाणी शेजारच्या सखल बिंदूकडे जातें, जातांना माती नेतें, उतार कमी झाला कीं ती टाकतें. ही युक्ति आम्हांस फार आवडली. आतां आम्ही आधीं कठीण व मऊ थर आळीपाळीनें रचतों, मग पाऊस सोडतों. रात्रभर यंत्र चालतें. वडील विजेच्या बिलाविषयीं बोलतात, पण परवां पडद्याकडे पाहून त्यांनींच विचारलें, "अरे, हा कोणता गड?"