थकव्याचे माप

वेदना लपत नाही. माणूस कण्हतो, त्याच्या कपाळावर आठ्या पडतात आणि घरची मंडळी धावून येतात. थकवा मात्र मुका असतो. थकलेला माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहतो आणि पाहणाऱ्याला तो आळशी वाटतो. वाशीम जिल्ह्यात आजाऱ्यांच्या भेटीगाठी घेताना, कर्करोगाने गाठलेल्या घरांत हा गैरसमज मला वारंवार आढळला आहे.

आमचा हा भाग सोयाबीन, तूर आणि कपाशीचा. येथे थकवा हा रोजच्या भाकरीइतकाच ओळखीचा. दिवसभर निंदण करून आलेली बाई रात्री झोपते आणि पहाटे पुन्हा कामाला उभी राहते. कर्करोगाच्या रुग्णाचा थकवा या हिशेबात बसत नाही. तो झोपेने उतरत नाही. प्रत्यक्ष रोग, केमोथेरपी, किरणोपचार, रक्तक्षय, निद्रानाश, मनाची खिन्नता अशी त्याची अनेक कारणे असतात. उपचारासाठी अकोला, नागपूर वा मुंबई गाठण्याचा शीण वेगळाच.

स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या एका भगिनीला मी प्रकृती विचारली. "बरं हाये, फादर," ती म्हणाली. सासूबाई दारातूनच उद्गारल्या, "बरं हाये तं दिवसभर पडून काहून राह्यते?" त्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, राबणारे दोन हात कमी झाल्याची चिंता होती. मग मी तिला वेगळ्या रीतीने विचारले : "थकवा मुळीच नाही म्हणजे शून्य आणि कल्पनेपलीकडचा थकवा म्हणजे दहा; तर कालपासून तुझा सर्वांत जास्त थकवा किती होता?" ती क्षणभर थांबली. "आठ," ती म्हणाली, "न्हाणीपर्यंत जाऊन आली तरी बसा लागते." सासूबाई काही बोलल्या नाहीत; आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

हा प्रश्न माझा नव्हे. अमेरिकेतील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राच्या टिटो मेंडोझा, चार्ल्स क्लीलँड आदी संशोधकांनी १९९९ साली नऊ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली प्रसिद्ध केली. पहिले तीन प्रश्न थकव्याच्या तीव्रतेचे. उरलेले सहा काम, चालणे, मनःस्थिती, नातीगोती यांत तो किती आड येतो याचे. सात किंवा त्याहून अधिक आकडा तीव्र थकवा दर्शवितो. १९९३ साली युरोपात तयार झालेल्या तीस प्रश्नांच्या दुसऱ्या प्रश्नावलीत विश्रांतीची गरज, अशक्तपणा आणि थकवा यांविषयी तीन प्रश्न आहेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके व मान यांच्या कर्करोगाच्या रुग्णांवर तिची हिंदी व मराठी रूपे पारखून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले.

ताप मोजायला पारा आहे. थकव्याचा साक्षीदार केवळ रुग्णच. म्हणून त्याने सांगितलेला आकडा वहीत तारखेसह लिहून डॉक्टरांना दाखवावा. रक्तक्षय असेल तर त्यावर उपचार होऊ शकतो. झोपेचे, मनाचे दुखणेही हाताळता येते. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज थोडे चालल्यास अनेकांना, सतत पडून राहण्यापेक्षा, अधिक हुशारी वाटते. पुढच्या महिन्याचा आकडा पाहिला की फरक कळतो.

प्रिय वाचकहो, आजाऱ्याला भेटताना आपण "बरे आहे ना?" असे विचारतो. त्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेले असते. त्याऐवजी "शून्य ते दहात किती?" असे विचारू या. आणि जो आकडा मिळेल, त्यावर घासाघीस करू नये.