नव्या फोनची वाट

आमच्या घरात सध्या दोन प्रश्न एकाच दोरीला बांधलेले आहेत. पहिला, माझा सहा वर्षं जुना फोन आता बदलायचा की तीन महिन्यांनी येणाऱ्या नव्या मॉडेलसाठी थांबायचं? दुसरा, फोन बदलतोच आहोत तर सिमकार्डाची कंपनीही बदलून टाकायची का? कॉलेजात जाणाऱ्या मुलाचं उत्तर तयार आहे. "अम्मी, तीन महिने थांब ना. नवा येऊ दे, मग दोन्ही एकदम करू." शाळेत विषय निघाला तेव्हा एका आपांनी अर्धं गमतीत सांगितलं, "इस्तिखारा कर."

इस्तिखारा हा गमतीचा विषय नाही आणि लहानसहान कामासाठीही तो करावा, अशीच आपल्याला शिकवण आहे. पण इस्तिखारा म्हणजे शकुन पाहणं नव्हे. माहिती काढणं, जाणत्यांशी मशवरा करणं, खिसा तपासणं, हे माणसाच्या वाट्याचं काम आधी संपवायचं आणि मग खैर मागायची. म्हणून मी आधी ते काम करायला बसले.

मी मुलांना दोन भाषा शिकवते, त्यामुळे शब्दांपाशी अडखळायची सवय आहे. 'थांबणं' या एका मराठी शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक सब्र, दुसरी इंतजार. सब्र या अरबी शब्दाच्या मुळाशी स्वतःला आवरणं आहे, रोखून धरणं आहे. इंतजार 'नजर' या शब्दाच्या घराण्यातला. म्हणजे पाहत राहणं. मराठीतही आपण वाट 'पाहतो'. दोन्ही भाषांना ठाऊक आहे की इंतजार करणाऱ्याचे डोळे कुठेतरी लागलेले असतात. न आलेल्या फोनसाठी थांबणाऱ्याला वाटतं की आपण खर्च आवरतोय, सब्र करतोय. प्रत्यक्षात तो रोज रात्री त्या फोनचे व्हिडिओ पाहत असतो, आणि तीन महिन्यांत त्याचं बजेट पाच हजारांनी वर सरकलेलं असतं. आमच्या घरात हे घडताना मला दिसतंय.

थांबण्यात काहीच फायदा नाही, असंही नाही. फोनच्या बाजारालाही ऋतू आहेत. अॅपलचे नवे आयफोन बहुतेक वर्षी सप्टेंबरात येतात, सॅमसंगचे वरच्या श्रेणीतले गॅलेक्सी वर्षाच्या सुरुवातीला येतात, आणि नवा आला की आदल्या वर्षीच्या मॉडेलची किंमत उतरते. दिवाळीच्या आगेमागे ऑनलाइन दुकानांचे सेल असतात. तेव्हा आठ-पंधरा दिवसांवर जाहीर झालेली तारीख असेल तर थांबण्यात शहाणपण आहे. नवा घेण्यासाठी नव्हे, जुना स्वस्तात मिळावा म्हणून.

पण "थांबलं की स्वस्त होतं" हा नियम दर वेळी पाळला जाईलच असं नाही. १ एप्रिल २०२० रोजी मोबाइलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. मार्चमध्ये "पुढच्या महिन्यात बघू" म्हणणाऱ्यांना तोच फोन महाग पडला. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढली, मेमरी चिप महागल्या, आणि त्याचा भार फोनच्या किमतींवर आला. येणाऱ्या फोनची किंमत तो येईपर्यंत कुणालाच ठाऊक नसते. तोवर आपण पाहतो ती अफवाच.

मग मी फोनचं नाव बाजूला ठेवलं आणि माझा फोन दिवसभर काय करतो ते कागदावर लिहिलं. हजेरी. पोषण आहाराची रोजची नोंद. ऑनलाइन माहिती भरणं, आणि ती नेहमी "आजच संध्याकाळपर्यंत". पालकांचे गट. बालभारतीच्या उर्दू आणि मराठी पुस्तकांच्या पीडीएफ. बँक, यूपीआय. रात्री अब्बांना फोन. आम्हा शिक्षकांचं अर्धं कार्यालय खिशातल्या फोनवर चालतं आणि तो फोन ज्याचा त्यानं घ्यायचा असतो. या यादीतल्या एकाही कामाला तीन महिन्यांनी येणारा कॅमेरा लागत नाही.

लागतात त्या दोन गोष्टी, आणि जाहिरातीत त्यांना मोठी अक्षरं मिळत नाहीत. पहिली, सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार? माझ्या फोनला ते कधीच बंद झालेत, आणि त्याच फोनवर माझी बँक आहे. खरी घाई असेल तर ती इथे आहे. गूगलनं २०२३मध्ये पिक्सेल ८ला आणि सॅमसंगनं २०२४च्या जानेवारीत गॅलेक्सी एस२४ला सात वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं. आपल्या ऐपतीतल्या फोनला इतकी वर्षं मिळत नाहीत, पण किती मिळणार हे दुकानात विचारता येतं आणि विचारायला हवं.

दुसरी गोष्ट उर्दूवाल्यांनाच कळेल. फोनवर उर्दू नस्तालिकमध्ये दिसते की नस्खमध्ये? पाठ्यपुस्तकात नस्तालिक वाचत वाढलेलं पोर फोनवर सरळ रेषेतला नस्ख पाहून चाचपडतं. त्याला वाटतं आपल्याला वाचताच येत नाही. गूगलचा नोटो नस्तालिक फाँट २०१४मध्ये आला, आयफोनवर नस्तालिक २०१७मध्ये आयओएस ११सोबत आलं. तरी आजही दुकानातल्या प्रत्येक फोनवर उर्दू सारखी दिसत नाही. म्हणून मी ठरवलंय, दुकानदाराला म्हणायचं, "भाई, आधी यावर एक उर्दू मेसेज उघडून दाखवा." कॅमेरा नंतर बघू.

आता पैशाचं. मुलाचा दुसरा सल्ला होता, "नो कॉस्ट ईएमआयवर घे, व्याज नाही." आपल्या घरांत हा शब्द फार पसरलाय, कारण व्याज नाही म्हटलं की आपला जीव भांड्यात पडतो. पण हिशेब उलगडून पाहा. समजा, फोन २४,००० रुपयांचा आहे. बँक त्या हप्त्यांवर व्याज लावते, समजा १,२०० रुपये. दुकान तेवढीच सूट आधी देतं, म्हणून बेरीज पुन्हा २४,००० होते. व्याज गेलं कुठे? कुठेच नाही. ते बँकेच्या कागदावर व्याज म्हणूनच लिहिलेलं असतं, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१६ रुपये, आपल्या बिलात वेगळे येतात. प्रोसेसिंग फी असेल तर ती निराळी. शून्य टक्के व्याज अशी काही चीजच अस्तित्वात नाही आणि व्याज बऱ्याचदा प्रोसेसिंग फीच्या आड लपवलेलं असतं, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३च्या सप्टेंबरातच बँकांना बजावलं होतं. शरियतच्या दृष्टीनं याचा निकाल काय, ते आलिमांना विचारावं. मी फतवा देणारी कोण? मी गणित मांडलं. ज्याला सूदपासून दूर राहायचंय त्यानं केवळ 'नो कॉस्ट' या नावावर जाऊ नये.

आपल्याकडे याहून जुना आणि साधा मार्ग आहे, भिशी. आमच्या बिल्डिंगमध्ये बारा बायकांची भिशी चालते. चिठ्ठीची भिशी, लिलावाची नव्हे. लिलावात गरजू बाई तोटा सोसून रक्कम आधी उचलते आणि तिचा तोटा बाकीच्या वाटून घेतात, म्हणजे गोष्ट पुन्हा तिथेच. चिठ्ठीच्या भिशीत जेवढं भरलं तेवढंच मिळतं. माझा नंबर दीड महिन्यानं आहे. ही तारीख पक्की आहे, आणि तिच्याकडे डोळे लावून बसावं लागत नाही.

राहिला कंपनी बदलण्याचा प्रश्न. २० जानेवारी २०११पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. 'पोर्ट' आणि पुढे आपला नंबर असा मेसेज १९००वर पाठवायचा, आठ अक्षरांचा कोड येतो, तो आपल्याकडे चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत नव्वद दिवस झालेले हवेत, आणि एकाच सर्कलमध्ये असाल तर तीन कामकाजी दिवसांत काम होतं. २०२४च्या जुलैत तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा कितीतरी लोक बीएसएनएलकडे गेले. सोपं आहे. पण "दोन्ही एकदम करू" हे मात्र मला पटत नाही. फोन नवा झाला की यूपीआय आणि बँकेची अॅपं पुन्हा त्याच सिमवरून मेसेज पाठवून खात्री करून घेतात. त्याच वेळी नंबर पोर्टमध्ये अडकला असेल तर ओटीपी कुठे येणार? शिवाय नव्या फोनसाठी सिम बदलून घेतलं, तर १ जुलै २०२४च्या नियमानुसार त्यानंतर सात दिवस पोर्टचा कोडच मिळत नाही. हा नियम फसवणूक रोखण्यासाठी आहे आणि चांगला आहे. म्हणून दोन कामांत निदान पंधरा दिवसांचं अंतर हवं.

पण मुळात मी कंपनी बदलायची कशासाठी? मुंब्र्यात घरात बसून कुठल्याही कंपनीची रेंज मिळते. मुलाला हवंय ते अमर्याद ५जी. मला हवंय ते वेगळं. मंडणगड तालुक्यात, सावित्रीच्या खाडीकाठच्या गावात माझे अब्बा आणि अम्मी दोघंच राहतात. त्यांच्याकडे साधा बटणांचा २जी फोन आहे. पावसात वीज गेली की काही तासांत रेंजही जाते, आणि मग अब्बा मशिदीजवळच्या चढणीवर जाऊन उभे राहतात. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा त्या पट्ट्यात दिवसेंदिवस फोन बंद होते. ज्यांची माणसं कोकणात होती त्यांना ते दिवस आठवत असतील. अब्बा म्हणतात, "पावसात फोन झोपतो गं. तू सकाळी कर." सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला रात्री काही झालं तर सकाळपर्यंत थांबायचं कसं?

म्हणजे बदल हवा आहे तो त्यांच्याकडे. फोन दोन टोकांनी लागतो. माझ्या टोकाला ५जी असून उपयोग नाही, त्यांच्या टोकाला घंटी वाजली पाहिजे. मी गावातल्या चार घरी विचारलं. वीज गेल्यावर कुणाचा फोन किती वेळ चालतो, घरात चालतो की अंगणात? एका कंपनीचं नाव तीन घरांनी सांगितलं. जाहिरातीतल्या नकाशापेक्षा ही माहिती माझ्या कामाची. पण तिथे आणखी एक गाठ निघाली. त्या कंपनीचं २जी नाही, तेव्हा अब्बांचा जुना फोन तिथे चालणार नाही. आणि अब्बांचा नंबर आहे भाईच्या नावावर, भाई आहे कुवेतला. पोर्ट करायला ज्याच्या नावावर सिम आहे तोच समोर लागतो. कोकणातल्या किती घरांत ही गत असेल!

उपाय शेवटी साधा निघाला. दोन सिमचा, ४जी चालणारा बटणांचा फोन. जुनं सिम एका खाचेत तसंच राहील, आधार आणि पेन्शनचं खातं त्यावरच आहे. दुसऱ्या खाचेत नवं सिम, अब्बांच्या स्वतःच्या नावावर. डेटा त्यांना नकोच. डिसेंबर २०२४मध्ये ट्रायनं कंपन्यांना फक्त बोलण्याचे आणि मेसेजचे वेगळे प्लॅन देणं बंधनकारक केलं, आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. वर्षातून एक रिचार्ज, मग दर महिन्याला कुणाला आठवण करायला नको. भाई सुट्टीवर आला की जुना नंबरही अब्बांच्या नावावर करून घेऊ.

तर हिशेब असा झाला. अब्बांचा फोन आणि सिम याच रविवारी, कारण पाऊस तोंडावर आलाय. माझ्या नंबरची कंपनी आहे तीच. माझा फोन दीड महिन्यानं, भिशीचे पैसे हातात आले की, रोखीनं. तोवर त्यावरचं बँकेचं अॅप काढून टाकलंय. त्या दिवशी दुकानात माझ्या रकमेत बसणारा, अपडेट मिळणारा आणि नस्तालिक नीट दाखवणारा जो फोन असेल तो घेईन. मुलाचा नवा फोन तोवर आला तर पाहू, नाही आला तर त्याच्यासाठी थांबणार नाही.

मुलगा थोडा नाराज आहे. पण रविवारी नानांकडे तोही येतोय, घराच्या कुठल्या खोलीत रेंज किती येते ते मोजायला. पडवीपासून सुरू करायचं, असं त्यानं ठरवलंय.