काजातले फूल

सूटच्या कोटाच्या डाव्या लॅपलवर एक काज असते. त्याला जोडीचे बटण नसते. कोट गळ्यापर्यंत बंद करीत, त्या काळाचा हा अवशेष. बटण गेले, काज राहिले, आणि एकोणिसाव्या शतकातल्या युरोपने त्यात फूल खोवले. फ्रेंच त्याला ‘बूतोनिएर’ म्हणतात, इंग्रज नुसतेच ‘बटनहोल’. मराठीत ‘काजातले फूल’ म्हणायला हरकत नसावी.

ऑस्कर वाइल्डचे ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ आम्ही वर्गात अनेकदा शिकवले आहे. दुसऱ्या अंकात अल्जरनॉन जेवणाआधी सेसिलीकडे असे फूल मागतो. ती ‘मारेशाल नील’ या पिवळ्या गुलाबाचे नाव काढते. त्याला गुलाबीच हवा असतो, कारण तो तिच्यासारखा आहे. (इथे वर्गात हशा पिकतो आणि आपण पुढे सरकतो.) यंदा या अंकाचे वर्गात वाचन ठरले, तेव्हा फूल प्लॅस्टिकचे नको, एवढाच आमचा हट्ट होता.

बाजारातला डच गुलाब अर्धवट उमललेला घ्यावा. आदल्या रात्री देठ तिरका कापून तो खोल पाण्यात ठेवायचा. कोटावर गेल्यावर पाणी मिळणार नाही, जे प्यायचे ते आधीच. सकाळी देठ दीड-दोन इंचांवर छाटायचा. मग पाकळ्यांखालच्या हिरव्या फुगीर भागातून बारीक तार आरपार घालायची आणि तिची दोन्ही टोके वाकवून देठाला समांतर आणायची. मागे एखादे पान हवे. आम्ही कुंडीतल्या शतावरीची डहाळी घेतली. वरून फुलांसाठी मिळते ती हिरवी टेप. हिच्या कागदाला मेण असते. नुसती धरली तर चिकटत नाही, ताणली की चिकटते. एका हाताने ती ताणायची, दुसऱ्याने फूल फिरवायचे, आणि पट्टी तिरकी खाली उतरवत न्यायची. तार दिसेनाशी झाली की काम झाले. देठ फार जाड झाला तर काजात शिरत नाही. मग लॅपलच्या मागून टाचणी. एकूण फूल ताठ राहते ते तारेच्या बळावर, आणि तार दिसता कामा नये.

आपल्या गजऱ्याला असली शस्त्रक्रिया लागत नाही. मोगऱ्याच्या कळ्या दोऱ्याच्या गाठीत एकमेकींच्या आधाराने राहतात, संध्याकाळी उमलतात, वासाने आपली जागा सांगतात. सकाळी त्या कोमेजल्या तर कुणी तक्रार करीत नाही. काजातले फूल एकटे असते, डच गुलाबाला वासही बेताचाच, आणि समारंभ संपेपर्यंत त्याला मान टाकण्याची मुभा नसते. त्याची सहजता सगळी बेतलेली.

मराठी समीक्षेत ‘कृत्रिम’ हा शब्द बहुधा दोष दाखवण्यासाठीच येतो. वाइल्डविषयीच्या उत्तरपत्रिकांतही तो तसाच येतो. वाइल्डने तर फूलच कृत्रिम केले. 20 फेब्रुवारी 1892 रोजी ‘लेडी विंडरमिअर्स फॅन’च्या पहिल्या प्रयोगाला त्याच्या सांगण्यावरून काही मित्रांनी आणि रंगमंचावरच्या एका नटाने हिरवी कार्नेशन लावली होती. पांढऱ्या कार्नेशनचा देठ रंगीत पाण्यात ठेवला की रंग वर चढतो. आम्ही खाण्याचा हिरवा रंग घेऊन करून पाहिले. सकाळपर्यंत पाकळ्यांच्या कडा आणि शिरा हिरव्या झाल्या होत्या. रंग बाहेरून फासावा लागत नाही, फूल आपल्याच नलिकांतून तो ओढून घेते. मग यातले कृत्रिम कुठे संपते? पुढे हे हिरवे फूल पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांची खूण म्हणून ओळखले गेले.

‘अर्नेस्ट’ 14 फेब्रुवारी 1895 रोजी रंगमंचावर आले. 5 एप्रिलला वाइल्डला अटक झाली. जाहिरातींतून त्याचे नाव काढण्यात आले, नाटक मात्र मे महिन्यापर्यंत चालू राहिले. म्हणजे काही आठवडे लंडनमध्ये सेसिली प्रयोगामागून प्रयोग अल्जरनॉनच्या काजात गुलाब खोवीत होती, आणि हे नाटक कुणाचे, ते जाहिरात सांगत नव्हती. 25 मे रोजी त्याला दोन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली.

यंदाच्या वाचनात आमच्या सेसिलीला फूल खोवायला बराच वेळ लागला. टेपचा थर जाड झाला होता, टाचणी शोधावी लागली. हशा ओसरला. तेवढ्या अवधीत आम्ही वर्गाला या तारखा सांगितल्या.