तेप्पकाडूचा मुक्काम

म्हैसूरहून उटीस जाणारा रस्ता बंदीपूरचे अरण्य ओलांडून तामिळनाडूत शिरतो आणि निलगिरीच्या पायथ्याशी, मोयार नदीकाठी तेप्पकाडूस दुभंगतो. एक फाटा गुडलूरकडे जातो; दुसरा मसिनगुडीवरून ३६ अवघड वळणे चढतो. येथील वनखात्याच्या विश्रामगृहात उतरणाऱ्याने दिवसा निवांतपणाची अपेक्षा बाळगू नये. मालमोटारींची घरघर व कर्ण्यांचा कलकलाट यांना चितळेदेखील सरावली आहेत. माकडे तर प्रवाशांच्या शिदोरीवर टपलेली असतात. ती खोड अर्थात प्रवाशांनीच लावलेली!

रात्री ९ वाजता मात्र नाके बंद होतात. बंदीपुरातील रात्रीची वाहतूक २००९ साली थांबविण्यात आली व २०१० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती बंदी उचलून धरली. पूर्वी दिव्यांच्या झोताने दिपलेली जनावरे गाड्यांखाली चिरडली जात. भाजीपाला नेणाऱ्या व्यापाऱ्यास ९ तासांची ही खोटी जाचते, हेही खरेच. रुग्णवाहिकांना मुभा असते.

शेवटची गाडी पुलावरून गेली की प्रथम मोयारचे पाणी ऐकू येते, मग दूरवर सांबराचा इशारा. हत्ती मात्र निःशब्द येतात. पहाटे, नाके उघडण्यापूर्वी, खिडकीतून पाहावे: डांबरी रस्त्यावर त्यांच्या ताज्या शेणाची वाफ निघत असते.